‘थांब, बाळाला तीट लावते’: कथा सांगताना चेहरा रंगवणाऱ्यांसाठी अ‍ॅक्वाकलर

क्रायोलान ही बर्लिनची कंपनी, १९४५ पासून रंगभूषेचं सामान बनवते. तिचा अ‍ॅक्वाकलर म्हणजे पाण्यावर चालणारा वडीचा रंग. नाटकाच्या, नृत्याच्या रंगभूषाकारांना तो नवा नाही. मी तो वापरते ते जरा वेगळ्या कामासाठी. मी मुलांना लोककथा सांगते आणि सांगता सांगता, सगळ्यांसमोर, त्यांच्यातल्याच एकाचा चेहरा रंगवते. गोष्ट आणि चेहरा बरोबरच पुरे होतात. ठाणे-पालघरकडच्या शाळा, बालवाचनालयं, गणपतीतले सोसायटीचे कार्यक्रम असं माझं फिरणं असतं, आणि कार्यक्रम संपला की कुणीतरी बाई जवळ येऊन विचारतातच, "ताई, रंग कुठला वापरता?" उत्तर दोन शब्दांत देता येतं, पण तेवढ्याने भागत नाही. तोच रंग घेऊन गोष्ट फसलेलीही मी पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वाढदिवसाच्या स्टॉलवर मुलं रांगेत उभी राहतात, तक्त्यावरचं चित्र दाखवतात आणि वाघ किंवा फुलपाखरू होऊन खाऊकडे पळतात. तिथे रंगवणाऱ्याला बोलायचं नसतं, बघणारं कुणी नसतं, आणि एखादी रेघ वाकडी गेली तर पुसून पुन्हा काढता येते. कथेत तसं नाही. साठ-सत्तर डोळे माझ्या ब्रशवर असतात. तोंडाने गोष्ट चालू, एका हातात ब्रश, आणि नजर अर्धी मुलाच्या चेहऱ्यावर, अर्धी समोरच्या पोरांवर. रंगासाठी गोष्ट थांबली की शेवटच्या रांगेतली मुलं लगेच एकमेकांच्या दप्तरांकडे वळतात. म्हणून रंग असा हवा की गोष्टीला त्याच्यासाठी थांबावं लागू नये. माझी सगळी पारख या एका गोष्टीवर आहे.

आणि गोष्टही तशी निवडावी लागते. ज्या गोष्टीत पालुपद आहे, तीच रंगवता येते. पालुपद मुलं म्हणतात, तेवढा वेळ माझा हात मोकळा असतो. आपल्या लोककथांचं भाग्य असं की त्या पालुपदांनी भरलेल्या आहेत.

चिमणी-कावळ्याचीच घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा भिजत येऊन दार ठोठावतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड!" हे अख्खा वर्ग म्हणतो, जमिनीवर हात आपटून. आतून चिमणी सांगते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." मग पुन्हा दार. "थांब, बाळाचं अंग पुसते." "थांब, बाळाला पावडर लावते." "थांब, काजळ घालते." "थांब, तीट लावते." ही गोष्ट ज्या कुणा आजीने पहिल्यांदा सांगितली, तिने रंगवायचा क्रमच लावून दिला आहे. न्हाऊ घालते म्हणजे ओल्या स्पंजाने फिकट तपकिरी थर. अंग पुसते म्हणजे तो थर वाळायला मिळालेला वेळ, तेव्हा मी नुसतीच टिपकागदाने वारा घालते. पावडर म्हणजे गालावरचा पांढरा. काजळ म्हणजे डोळ्याखालच्या हाडावरून काढलेली काळी रेघ. डोळ्याच्या कडेला मी ब्रश कधीच नेत नाही. आणि तीट म्हणजे तीट.

मी चेहऱ्याचे दोन भाग करते. डावी बाजू चिमणी, उजवी बाजू कावळा. चिमणी मादी आहे, तेव्हा तिला नरासारखा काळा गळपट्टा द्यायचा नाही; तिला डोळ्यापासून मागे जाणारी एक फिकट भुवई असते, ती काढली की डावी बाजू लगेच चिऊताई दिसायला लागते. कावळाही सबंध काळा काढायचा नाही. आपल्या खिडकीत येणारा गावकावळा कपाळाला आणि गळ्याला काळा, पण मान आणि छाती राखाडी. म्हणून उजव्या गालाच्या मागच्या बाजूला, कानाखाली, पांढऱ्या-काळ्याच्या मिश्रणाचा राखाडी पट्टा. कावळ्याने दार ठोठावलं की उजवीकडे एक फटकारा, चिमणीने उत्तर दिलं की डावीकडे. चोच मधोमध, दोघांची मिळून एकच, नाकाच्या शेंड्यावर, अगदी शेवटी. मग रंगवलेल्या मुलाला सांगायचं, कावळा बोलेल तेव्हा डावीकडे मान वळव, चिमणी बोलेल तेव्हा उजवीकडे. पोरांना उजवा गाल दिसतो, "दार उघड!" डावा गाल दिसतो, "थांब!" एकाच चेहऱ्यात भांडण सुरू होतं, आणि त्या क्षणी वर्गाचा जो आवाज होतो तो ऐकण्यासाठी मी हे काम करते.

या सगळ्यात रंगाने काय करायला हवं, ते आता सांगता येईल.

पहिलं, एका फटकाऱ्यात दिसायला हवा. पालुपदाला जेमतेम सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा हात फिरवायला वेळ नसतो. अ‍ॅक्वाकलरचा पांढरा (क्रमांक ०७०) आणि काळा (०७१) इथे खरे उतरतात. सावळ्या गालावर पांढरा एकदा ओढला की शाळेच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकावरूनही दिसतो. स्वस्त पांढऱ्याची परीक्षा इथेच होते, तो आपल्या त्वचेवर राखेसारखा पडतो.

दुसरं, भरलेला ब्रश लांबवर चालायला हवा. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत हे कळतं. म्हातारी रानातून निघते, वाघ अडवतो, ती म्हणते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." वाघ वाट बघत बसतो. माझ्या कथेत वाट बघता बघता त्याचे पट्टे उमटतात. परतीच्या वाटेवर पोरं ठेक्यात म्हणत असतात, "चल रे भोपळ्या, टुणूक टुणूक", आणि प्रत्येक टुणूकला एक पट्टा. कपाळावर तीन, गालांवर तीन-तीन. ब्रश दर पट्ट्याला वडीकडे न्यावा लागला तर ठेका मोडतो. गोल टोकाचा ४ नंबरचा सिंथेटिक ब्रश ०७१ वर नीट घोळवला, तर तीन पट्टे सलग निघतात, आणि तिसराही पहिल्याइतकाच काळा असतो. पट्ट्याची सुरुवात जाड आणि शेवट निमुळता हवा, त्यासाठी ब्रश टेकवून दाबायचा आणि ओढताना हलका करत उचलायचा. हे घरी स्वतःच्या हातावर गिरवावं, आणि तेही पालुपद मोठ्याने म्हणत. नुसता हात बसून उपयोग नाही, तोंड आणि हात एकत्र बसावे लागतात.

तिसरं, वाळायला हवा. अ‍ॅक्वाकलर ग्लिसरीनवर आधारलेला आहे. त्यामुळे तो मऊ लागतो, हसताना-ओरडताना गालावर तडकत नाही, एकात एक छान मिसळतो. वाळल्यावर तळहाताने किंवा मऊ फडक्याने हलकं घासलं तर त्याला तुकतुकी येते. कावळ्याच्या काळ्याला मी तेवढं करतेच. पण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, हा त्याचा स्वभाव. कोरड्या हवेत थर पटकन बसतो. जूनमध्ये, पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात, पंखा नसताना, तोच थर बराच वेळ चिकट राहतो आणि त्यावर पांढरा ओढला की खालचा तपकिरी वर येतो. उपाय साधा आहे: खालचा थर अगदी पातळ, स्पंज नुसता दमट, आणि वरून बिनरंगी पावडरचा एक हलका हात. "बाळाला पावडर लावते" या ओळीला मी खरोखरच पावडर लावते. मेणावर आधारलेले रंगही मिळतात. त्यांच्या रेघा जास्त कडक आणि ठाशीव येतात, दमट हवेत बारीक काम करायला ते बरे. माझ्या पेटीत काळा दोन्ही जातींचा असतो आणि पावसाळ्यात रेघांसाठी मी मेणाचा घेते. बाकी सगळं, विशेषतः स्पंजाचं काम, ग्लिसरीनच्याच रंगाने.

घामाचंही लक्षात ठेवायला हवं. पाण्यावर चालणारा कुठलाही रंग घामाला टिकत नाही, मग कंपनी कुठलीही असो. मुलाला घाम आधी वरच्या ओठावर आणि नाकावर येतो. म्हणून चोच, मिशा, नाकाचा काळा शेंडा हे सगळं शेवटी.

स्पंजात पाणी किती, यावर निम्मं यश आहे. नवशिक्या ताया वडीवर पाणी ओततात आणि मग रंग हनुवटीवरून ओघळतो. स्पंज भिजवून घट्ट पिळायचा, दाबला तर थेंब पडता कामा नये, आणि वडीवर पाच-सहा वेळा गोल फिरवायचा. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक काळ्यासाठी, एक बाकीच्यांसाठी. डब्यांची झाकणं कार्यक्रमाआधीच काढून मांडून ठेवा. आणि घरी आल्यावर वड्या उघड्या ठेवून पूर्ण वाळू द्या, ओल्या वडीवर झाकण लावलं की बुरशी धरते.

रंगवताना मी मुलाच्या बगलेला उभी राहते. त्याचं तोंड प्रेक्षकांकडे, माझी पाठ कधीच प्रेक्षकांकडे नाही, ब्रश लांब दांड्याचा आणि शेवटाला धरलेला. आरसा मी शेवटपर्यंत देत नाही. हे मला या कामातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपण काय होत चाललो आहोत ते त्या मुलाला दिसत नाही, ते त्याला समोरच्यांच्या तोंडावरून कळतं. एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीतली एक मुलगी घेतली होती. बाई आधीच म्हणाल्या होत्या, "ती बोलत नाही हो फारशी." तिने हात वर केला नव्हता, पण माझ्या स्पंजावरून तिची नजर हलत नव्हती, म्हणून विचारलं, आणि ती आली. पहिला काळा फटकारा कपाळावर पडला तेव्हा ती खांदे आवळून बसली होती. समोरची मुलं श्वास रोखून बघत होती, मग एकाने तोंडावर हात नेला, दुसरा हळूच म्हणाला, "कावळा झाली." तिने त्यांच्याकडे बघितलं आणि तिची मान वर आली. चोच काढून झाल्यावर मी सांगायच्या आधीच तिने मान वळवली आणि "दार उघड" म्हणाली, घोगऱ्या, भिजलेल्या कावळ्याच्या आवाजात. तो आवाज तिने कुठून आणला ते बाईंनाही कळलं नाही. या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा सांगतात, म्हणून तो मी रंगवलेल्या मुलावर सोपवते: ज्या बाजूला तो शेवटी वळेल त्याचं ऐकायचं. ती चिमणीकडे वळली आणि दार उघडलं.

माझं आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे दशावतार लहानपणापासून पाहिलेला. देवळाच्या बाजूला कलाकार पेटारे उघडून बसत, हातात आरसा धरून आपलं तोंड आपणच रंगवत. वेगळा मेकअपवाला नसे. आम्ही मुलं तिथेच रेंगाळायचो. गणपतीचा लाकडी मुखवटा, संकासुराचा काळा वेश हे खरं तर रात्री पाहायचं, पण मला मिसरूड रंगाखाली लपवून राणी होणारा कलाकार जास्त भुलवायचा. डोळ्याची रेघ किती जाड असली म्हणजे पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या माणसाला दिसते, हे त्यांना नेमकं माहीत असे. मी डोळ्याभोवतीच्या रेघा आजही तशाच ठळक काढते. फरक इतकाच की त्यांचं रंगणं खेळाच्या आधी होतं आणि मी ते खेळात आणलं आहे.

जुन्या लोककलावंतांच्या पेटीतल्या सगळ्याच गोष्टी मात्र आठवणीपुरत्याच ठेवाव्यात. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं संयुग, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. कित्येकांनी आयुष्यभर ते तोंडाला लावलं, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. आज शिसं आणि आर्सेनिकची संयुगं रंग म्हणून सौंदर्यप्रसाधनांत वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. म्हणूनच वेष्टनाकडे बघा, असं मी बायांना पुन्हा पुन्हा सांगते. बाहेरून आलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयात नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर वस्तू कितीही ओळखीच्या नावाची दिसो, घेऊ नका.

एका वाचनालयाने माझा खर्च वाचावा म्हणून ऑनलाइन एक स्वस्त संच मागवून ठेवला होता. नाव सांगत नाही. वीस रंग, चमकीच्या चार डब्या, आणि डबीवर घटकांची यादीच नाही. वास रंगकामाच्या दुकानातला. मी तो उघडून पुन्हा बंद केला आणि माझी पेटी काढली. चालकांना जरा वाईट वाटलं, पण तो पांढरा कुणाच्या मुलाच्या गालावर मी लावणार नव्हते. तसंच पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रिलिकचं. बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं ते कागद रंगवण्यापुरतं. ते त्वचेसाठी बनवलेले नसतात. कलाकुसरीची चमकी तर डोळ्यांच्या आसपासही नको, तिचे कण धारदार असतात.

अ‍ॅक्वाकलर चांगला म्हणून तो कुणालाही लावा असं नाही. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघायला मी बाईंना सांगते आणि पालकांची चिठ्ठी मागते. ओठावर पुळी, गालावर पुरळ, डोळे आलेले, सर्दीने नाक गळणारं मूल, कुणालाच रंगवत नाही; त्यांना भोपळा व्हायला किंवा ढोलकी धरायला देते. तीन वर्षांच्या आतल्यांना तर नाहीच. एका मुलाला लावलेला स्पंज दुसऱ्याला लागत नाही, घरी येऊन सगळे साबणाने धुऊन उन्हात वाळवायचे.

काढायला सोपा आहे. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. लाल आणि निळा रंग मात्र थोडी छटा मागे ठेवतात, विशेषतः गोऱ्या मुलांच्या गालावर. ती दुसऱ्या अंघोळीला जाते. रंगाखाली थोडं क्रीम लावून ठेवलं तर तेवढंही राहत नाही. शाळेत पाण्याची टंचाई असते तिथे मी लाल टाळते.

खर्चाचं स्पष्ट सांगते: हा रंग स्वस्त नाही. एका स्नेहसंमेलनासाठी एखाद्या शाळेने तो घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण कथाकथन नियमित करणार असाल तर पैसे वसूल होतात, कारण स्टॉलवर तीस-चाळीस चेहरे होतात तिथे आपण एका कथेला एकच चेहरा रंगवतो. माझी पांढऱ्याची डबी सोडली तर बाकीच्यांचा तळ अजून दिसलेला नाही.

बारा किंवा चोवीस रंगांची पॅलेट घेऊ नका. खण लहान असतात, स्पंज नीट फिरत नाही, आणि निम्मे रंग आपल्या गोष्टींना लागतच नाहीत. सुट्या डब्या घ्या: पांढरा, काळा, पिवळा, लाल. वाघाचा नारिंगी पिवळ्या-लालातून होतो, त्यात काळ्याचा ठिपका पडला की चिमणीचा तपकिरी, आणि पांढऱ्या-काळ्यातून कावळ्याची मान. पैसे मोजकेच असतील तर आधी नुसता पांढरा आणि काळा आणा. कोल्हा, बगळा, मांजर, माकड, म्हातारी, भूत इतकी मंडळी त्या दोघांत बसतात. पांढरा मात्र मोठ्या मापाचा घ्या.